बाकावर शेजारी बसणाऱ्या मालतीताई

ॲडव्होकेट मालतीताई देवरगावकर यांची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात झाली. माझे यजमान नुकतेच गेले होते आणि वारसाच्या कामासाठी मी खेटे घालत होते. बाकावर माझ्या शेजारी सुती पातळातल्या एक बाई पेठ तालुक्यातून आलेल्या दोन आदिवासी बायांबरोबर शेंगा खात होत्या. मी सहानुभूतीने विचारलं, "तुमचे वकील अजून आले नाहीत का?"

"आलेत की," त्या म्हणाल्या. "शेंगा खातायत. घ्या, तुम्हीही घ्या."

तेव्हापासून मी ताईंची. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मला आपल्या अर्जांचं इंग्रजी तपासायला बसवलं. "बाई, आज तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्रजी काढा. एका साहेबांना गोड बोलून खडसवायचंय," असं त्या म्हणाल्या की मला आमच्या शाळेतल्या सिस्टर आठवत. त्याही असंच हसत हसत खडसवायच्या. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ताई रोज संध्याकाळी येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवत. अग्रलेख झाला की वधूवरांच्या जाहिरातीसुद्धा वाचत, आणि प्रत्येक वरावर शेरा मारत.

ताईंच्या कामाची एक रीत आहे. पोलीस ठाण्यात गेल्यावर साहेबांसमोरच्या खुर्चीवर त्या बसत नाहीत. ज्याला धरून आणलं आहे, तो जिथे बसला असेल तिथे, त्याच्या शेजारी बसतात. बोलणं तिथूनच करतात. ही रीत किती पुढे जाते, ते मी गेल्या वर्षी पाहिलं.

त्या दिवशी सकाळी नसीमा धापा टाकत ताईंच्या घरी आली. तिचा नवरा शफीकुल फरशी बसवणारा कारागीर आहे. दोघं पश्चिम बंगालमधल्या मालद्याकडची. नाशिकला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली. "दीदी, मेरा आदमी को ले गया," ती म्हणाली. "आज ही गाड़ी में चढ़ाके बॉर्डर भेज देगा, बोलता है."

बांधकामावरचा मुकादम तिच्यासोबत आला होता. त्याने सांगितलं, "पोलीस बांगलादेशी शोधायला आलते, ताई. सगळ्यांना रांगेत उभं करून एकेक वाक्य बोलायला लावलं. बिहारवाले सोडले, ओडिशावाले सोडले. ह्यो बंगालीत बोलला, झालं!"

"आधार कार्ड दाखवलं नाही?"

"दाखवलं ना. ते म्हणे, कुठं बी बनतं."

एकदा सीमेपलीकडे ढकललेला माणूस परत आणणं किती अवघड असतं, हे ताईंना माहीत होतं. त्यांनी चपला घातल्या, आणि मीही त्यांच्या मागोमाग निघाले.

ठाण्यातले अधिकारी तरुण आणि नम्र होते. "ताई, खुर्ची घ्या ना."

"नको, इथे बरी आहे." ताई बाकावर शफीकुलच्या शेजारी बसल्या. "त्याच्या गावच्या ठाण्याला विचारलंत?"

"फोन लागत नाही. आणि वरून आदेश आहेत. संशयित आहे तो. त्याच्याकडे जन्मदाखला नाही."

"माझ्याकडेही नाही," ताई म्हणाल्या. "दिंडोरी तालुक्यातल्या खेड्यात घरीच जन्मले मी. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहून टाकली. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. आता मलाही संशयितांत घ्या."

साहेब हसले. "काहीतरीच काय, ताई! तुमचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"म्हणजे... तुम्ही आपल्या इथल्या. दिसतंच की."

"बरं. मग तेवढंच लिहून द्या. 'या बाई इथल्या दिसतात म्हणून सोडल्या, हा माणूस इथला दिसत नाही म्हणून धरला.' खाली सही करा. कोर्टात मी दुसरं काही मागणार नाही."

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. मग हवालदारांना म्हणाले, "मालद्याला पुन्हा लावा फोन. उत्तर येईपर्यंत याला कुठेही पाठवायचं नाही."

ताई हलल्या नाहीत. नसीमाने आणलेल्या डब्यातला भात त्यांनी शफीकुलबरोबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर आलं आणि शफीकुल सुटला. मी अभिनंदन करायला गेले, तर ताई चिडलेल्याच होत्या. "सुटला त्याचं काय कौतुक, बाई? भाषा ऐकून माणूस धरतात, ते थांबलंय का?"

खरंच थांबलं नव्हतं. त्याच धास्तीने परत आल्यावर शफीकुलने बाहेर बोलणंच टाकलं. दुकानात बोटाने वस्तू दाखवायचा. बायकोचा फोन आला तरी नुसता "हां, हां" करून ठेवून द्यायचा. हे कळल्यावर ताईंनी नसीमाकडून थोडं बंगाली शिकून घेतलं. दर आठवड्याला त्या बांधकामाच्या फाटकाशी जायच्या आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायच्या, "की खोबोर, शफीकुल?" म्हणजे, काय खबर? उच्चार दिंडोरीचाच असायचा. शफीकुल इकडेतिकडे बघायचा, मान हलवायचा आणि आत जायचा. ताई पुढच्या आठवड्यात पुन्हा जायच्या.

परवा मीही त्यांच्यासोबत गेले होते. ताईंनी हाक मारली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी शफीकुल आला, आणि तिथूनच, मोकळ्या गळ्याने, बंगालीत काहीतरी लांबलचक बोलला. खालचे गवंडी वर बघू लागले. मी ताईंना विचारलं, "काय म्हणाला?"

"मला कुठे कळलं!" डोळे पुसत ताई म्हणाल्या. "पण केवढ्याने बोलला, ऐकलंत ना?"

येत्या एक जूनला, म्हणजे मास्तरांच्या हिशेबाने, ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि गुडघे साथ देवोत. ठाण्यातले बाक फार बुटके असतात, आणि ताई काही खुर्ची घ्यायच्या नाहीत.