नंबर सातची परीक्षा

चार जुन्या नर्सा एकत्र बसल्या की आजाराच्या गोष्टी निघत नाहीत, परीक्षेच्या निघतात. आजार निदान बरे तरी होतात. निजामाच्या अमलात जालन्याच्या आमच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकलं, तरी दाखल्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. तिची तारीख कशी ठरते आणि मार्क कसे पडतात, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

तीर्थपुरीची गंगू माझ्याबरोबरच शिकायला होती, राहायच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर असायची. ती लहान असतानाच नवरा गेलेला. परीक्षेला तीनदा बसायची मुभा होती, आणि भावानं तिला बजावलं होतं, "तीनदा न्हाई जमलं तर मंग गुमान घरी यायचं. चुलीपुढं जागा हाय." गंगूला ती जागा नको होती.

*

पहिल्या वेळी तारीख आली ती निजाम सरकारच्या फसली सालातली, त्यांच्या खुर्दाद महिन्याची. मेट्रनबाईंच्या भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर, आणि आम्हाला कळायची फक्त तिथी. बाईंनी बोटं मोजून दिवस काढला. आम्ही दोघी परीक्षेला औरंगाबादेत पोचलो, तर चपराशी म्हणाला, "इम्तहान तो कल हो गया."

गैरहजर म्हणजे नापास. एक संधी अशी गेली.

*

दुसऱ्या वेळी एक दिवस आधीच जाऊन बसलो. तोंडी परीक्षेत माझं उत्तर बराबर होतं, तरी साहेबांनी माझ्यासमोरच दोन मार्क कापले. कारण काय, तर आवाज बारीक!

"बाळंतिणीवर ओरडायचं असतं का, साहेब?" मी विचारलं. आणखी एक कापला.

तरी मी पास. गंगूच्या नावापुढं नुसतं 'नाकाम'. मेट्रनबाईंनी पत्र लिहून तिचे मार्क विचारले. उत्तर आलं: नापासाला मार्क सांगता येत नाहीत, आणि पास झालेल्याला सांगायची गरज नाही.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसायला घेतला.

*

तिसऱ्या वेळी प्रात्यक्षिक आमच्याच दवाखान्यात होतं. वेळापत्रकात लिहिलेलं: जचगी, म्हणजे बाळंतपण, सकाळी दहा ते एक. आता हे पोटातल्या लेकराला कोण कळवणार?

परतूरची एक बाई कळा देत होती. गंगूचा नंबर सात. औरंगाबादहून आलेले परीक्षक डॉक्टर घड्याळ काढून बसले. साडेबाराला म्हणाले, "जल्दी करो, मेरी गाडी है."

"पहिलटकरीण हाय, साहेब. अजून वखत हाय," गंगू म्हणाली. "मी घाई करणार न्हाई."

एकच्या ठोक्याला साहेब उठले, गंगूच्या नंबरापुढं शून्य लिहिलं आणि स्टेशनावर गेले. चार वाजता मुलगी झाली, अगदी सुखरूप. मला इतका संताप आला की मी जेवले नाही. गंगूनं ट्रंक भरायला घेतली.

*

भाऊ तिला न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तार आली. त्याच डॉक्टरांची. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते, नंबर सातला ताबडतोब पाठवा.

मेट्रनबाईंनी उलट तार केली: नंबर सात नापास आहे, पास झालेली पाठवते.

संध्याकाळी उत्तर आलं: नंबर सातच पाठवा.

गंगू ती भरलेली ट्रंक घेऊनच गेली. आठवड्यानं परत आली, तेव्हा तिच्या हातात शिक्का मारलेला कागद होता. नंबर सात, कामयाब.

"अगं, परीक्षा झाली कधी? मार्क किती पडले?" मी विचारलं.

गंगूनं कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "माय बी खुशाल हाय, लेकरू बी."