भुलीतलं नाव

काल आई-बाबांसोबत जाऊन लेकीला लस टोचून घेताना स्पिरिटचा वास आला आणि मला वाशिमचा तो दवाखाना आठवला, जिथं आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी मळ्यातली वांगी तोडून मगच ती ॲडमिट झाली होती. दुपारी ऑपरेशन नीट पार पडलं, पण भूल काही उतरेना. सिस्टर गालावर थापट्या मारत होती आणि बाबा पायथ्याशी टोपी चुरगाळत उभे होते. लग्नातल्या उखाण्यानंतर आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं की मला पुढं ढकलून म्हणायची, ‘सांग रे.’ त्या दिवशी मात्र तिनं डोळे मिटूनच, शेताच्या धुऱ्यावरून हाक मारावी तसं, बाबांना नावानं पुकारलं, तेही एकेरी: ‘मोटर बंद कर ना रे, वाफा फुटून राह्यला!’ सगळा वॉर्ड हसला. बाबांचे डोळे भरले होते, तरी तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. शुद्धीवर आल्यावर आईनं कानावर हात ठेवले, ‘मी कायले घेऊ ह्यायचं नाव? खोटं बोलून राह्यले तुमी सारे.’ काल तो वास बाबांनाही आला असावा, कारण नातीला मांडीवर घेता घेता आईकडं पाहून ते हळूच म्हणाले, ‘मोटर बंद करू का वं?’