आजोबांनी वहिनीला दिलेलं गाऱ्हाणं

त्या वर्षी गणपतीसमोर हात जोडून उभी होते, पण मनात भक्ती नव्हती. नुसता जळफळाट होता. आमच्या काळाचौकीच्या घरात मूर्ती बसली की आजोबा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालत. म्हणजे घरातल्या एकेकाचं दुखणंखुपणं मालवणीत देवाला मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. आता गाऱ्हाणं माझ्याकडे येणार, हे मी गृहीतच धरलं होतं. लग्न मोडून मी माहेरी परत आले होते. आजोबांचं पथ्यपाणी, दवाखाना सगळं मीच बघत होते. आणि त्यांनी शिकवायला घेतलं कुणाला? दादाच्या बायकोला! गिरगावची, तोंडात शुद्ध मराठी, वर्षापूर्वी घरात आलेली.

रोज संध्याकाळी दोघं गॅलरीत बसत. पणजी मुंबईच्या धक्क्यावर बोटीतून उतरली तेव्हा पायाखालची जमीन हलतेय म्हणून कशी रडली, गिरणी बंद पडल्यावर आजी काय म्हणाली, घरात भांडण झालं तर आधी जेवून घ्यावं आणि मग बोलावं, असं सगळं गाठोडं तिच्यापुढे सुटायचं. “आजोबा, राखणदार म्हणजे कोण हो?” असं तिने विचारलं की ते हसत हसत गावाची राखण करणाऱ्या देवाची गोष्ट सांगायचे. मी विचारलं तर “तुका म्हायत आसा मां!” म्हणून मोकळे. स्वयंपाकघरात कान टवकारून भाजी चिरताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. देवालाही मी सुनावलं होतं, की नवऱ्याचं घर गेलं ते गेलं, आता आजोबाही तिलाच देऊन टाक.

चतुर्थीला शेजारीपाजारी जमले. वहिनीने नारळ घेतला आणि सुरुवात केली. तिची मालवणी ऐकून मला मनातल्या मनात हसू येत होतं. दादाच्या नोकरीचं झालं, बाबांच्या गुडघ्यांचं झालं आणि ती एकदम अडली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तिने आजोबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली.

“बा देवा म्हाराजा,” ती हळू आवाजात म्हणाली, “ह्या घरातला चेडू संसारातसून परत इला. ता कोणाकडे काय बोलना नाय. तेच्या मनात काय सलत आसात ता तू काढून टाक. ह्या घरात तेका परक्या वाटूक देव नको.”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. ते चेडू, ती लेक, मीच होते. परत आल्यापासून घरात कुणी त्या विषयाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पदर तोंडाला लावून मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले.

आरती झाल्यावर आजोबांना विचारलं, “मला का नाही शिकवलंत?”

“नारळ जेच्या हातात, तेना आपला नाव घेवचा नसता,” ते कुजबुजले. “तू उभा रवला असतस, तर तुझा कोण बोलला असता?”

पण मग लक्षात आलं, की इतकी वर्षं नारळ त्यांच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी विसर्जनासाठी मूर्ती हलवण्याआधी मी वहिनीकडून नारळ मागून घेतला. शब्द धड येत नव्हते, तीच मागून पुरवत होती. मी देवाला आजोबांची रात्रीची धाप सांगितली, आजी गेल्यापासूनचं त्यांचं एकटेपण सांगितलं आणि कुणाला कळू न देता ते आमच्यासाठी झिजले तेही सांगितलं. आजोबा आयुष्यभर इतरांसाठी बोलले होते. आपल्याबद्दल ऐकताना हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. शेवटी ते लहान मुलासारखे वहिनीचा हात धरून उभे राहिले.

तो हात माझा नव्हता, याचं वाईट वाटलंच. वहिनीचा हेवा अजून पुरता गेलेला नाही, तोही मी देवाच्याच पायाशी ठेवला आहे. मात्र स्वतःसाठी मागणं तेव्हापासून सोडलं. माझं त्याच्या कानावर घालणारी माणसं त्याने मला आधीच दिली आहेत.