खांड पडू नये म्हणून

आतेभावाचा, बाळूचा फोन आला तेव्हा मी टेमघरच्या घरी पावसाळ्याची कामं उरकत होते. "ताई, आई गेली," तो म्हणाला. मग म्हणाला, "परवा अमावास्येचं उधाण हाय." दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मला ते विचित्र वाटलं नाही. पार्वतीआत्याच्या घरात भरती-ओहोटी घरच्या माणसांसारखीच सांभाळली जायची.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, कशेळीत खाडीकाठी दिलेली. तिचं भातशेत आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक बांध. खाडीच्याच चिकणमातीचा, थरावर थर चोपून घातलेला, पाण्याच्या अंगाला दगड रचलेले. भरतीचं खारं पाणी तो बाहेर अडवायचा. शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी झडपेतून, खाडीत जायचं. भरतीचा रेटा आला की झडप आपोआप मिटायची. ऐकायला सोपं. पण बांध एका जागी फुटला, खांड पडली, की सगळ्यांचीच शेतं खारट, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे भात धरत नाही. म्हणून बांध गावाचा. पूर्वी खांडीची हाक आली की घरटी एक माणूस धावायचा.

मग शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या. भराव पडले, गोडाऊनं उभी राहिली. उंचावर बसलेल्यांना बांधाची गरज उरली नाही. त्यांच्या वाटणीचा बांधही आत्याकडे आला. बाळू त्याच गोडाऊनांचा टेम्पो चालवायचा. "आई, आपून दोघांनी खाडी अडवाची काय?"

"तू तुझा टेम्पो अडव. खाडीचं मी बघते."

एका वर्षी बाळूने जमिनीच्या गिऱ्हाइकाला जेवायलाच बोलावलं. रस्सा चिंबोऱ्यांचा. आत्याने स्वतः वाढलं, आम्ही चकितच. मग तीही बसली, एक नांगी फोडली.

"भरलेल्या हायत रं. कुठं गावल्या?"

"आपल्याच बांधात. बिळात हात घातला नि..."

"बीळ बुजवलंस?"

बाळूने हातातली नांगी ताटात ठेवली. चिंबोरीच्या बिळातून भरती आत शिरते, जाताना माती घेऊन जाते; खांडीची सुरुवात तिथूनच. भरती लागलीच होती. आत्या उष्ट्या हाताने उठली. "पावन्याला वाढ गं," मला म्हणाली आणि निघाली.

"अम्मा कहाँ गयीं?" पाहुण्याने विचारलं.

"बांध पे," बाळू म्हणाला आणि चप्पल न घालता तिच्यामागे गेला.

ती परतली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. पाहुणा निघून गेला होता. "ग्येला? बरं झालं. खांड दोन्हीकडनं पडते, खाडीकडनं नि घराकडनं."

आत्या गेल्यानंतर, गेल्या पौर्णिमेच्या उधाणाला मला सकाळपासून काही सुचेना. बाळूला फोन केले, मिस्ड कॉल दिले, उत्तर नाही. शेवटी रिक्षा करून कशेळी गाठली. टेम्पो अंगणात, बाळू ओटीवर आडवा.

"गिऱ्हाईक येऊन ग्येलं सकाळी," तो डोळे न उघडता म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"भात कापू दे, मग बोलू."

हे उत्तर आत्याचं. दरवर्षी, प्रत्येकाला. पण बाळू ते आईसारखं म्हणत होता की खरोखर भात कापण्याची वाट बघत होता, कळेना... विचारायला धीर होईना. पाणी प्यायला आत गेले. दाराआड आत्याचं माती चोपायचं लाकडी चोपणं उभं होतं. तळाला माती लागलेली. मी बोट लावून पाहिलं.

ओली होती.