राखून ठेवलेली खोली

कापडे गावच्या शेती सोसायटीच्या ओट्यावर मोबाईलची रेंज बरी मिळते. खतासाठी येणारे लोक काम झालं की जातात. चांगूदादा उतेकर मात्र काम नसतानाही दुपारी जेवून येतात. त्यांची वाडी गावाच्या वर, चढणीवर आहे. तिथल्या बहुतेक घरांना कुलपं आहेत, माणसं मुंबईला. आले की खांबाला टेकून बसायचं, खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढायचा आणि आतल्या टेबलाकडे बघून मला, सोसायटीच्या सचिवाला, हाक मारायची, "भाऊसाहेब, जरा लावून द्या."

व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे मुलगा अक्षय त्यांना शिकवून गेला आहे आणि त्यांना ते येतंही. पण लावताना जवळ कुणी असलं तर त्यांना बरं वाटतं, म्हणून मी लावून देतो. पडद्यावर भांडुपची खोली दिसते आणि तिच्यातून नात सेजल ओरडते, "आबा, तुमचं नुसतं नाकच दिसतंय!"

"नाकच चांगलं हाय गो माझं. बाकी काय बघायचंय?"

ती हसते. मग हसता हसता कधी खोकते, आणि चांगूदादांचा चेहरा लगेच बदलतो. "ती खोकली काय?" ते फोन बंद झाल्यावर मला विचारतात. "पानी पिताना ठसका असंल, नाय?"

या खोकल्याची धास्ती त्यांच्या मनात कशी बसली ते सांगायचं तर त्यांच्या गावच्या घरातल्या एका खोलीपासून सुरुवात करावी लागते.

चांगूदादांचं जुनं घर मातीच्या भिंतींचं आणि कौलांचं. अक्षयचं लग्न झालं त्या साली त्याने घराला लागून चिऱ्याची एक खोली बांधली. वर स्लॅब, खाली फरशी, सरकत्या काचांची खिडकी, भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. मुंबईच्या पोरीला गावात राहायला अडचण नको, हा हेतू. तशी सून सोनाली मूळची महाडजवळच्या नाते गावची, पण वाढली मुंबईत. मैनावहिनी, म्हणजे चांगूदादांच्या पत्नी, तेव्हा होत्या. नातवंड होईल म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. त्या शिवून झाल्या आणि पुढच्याच थंडीत वहिनी गेल्या. सेजलचा जन्म त्यांना बघायला मिळाला नाही.

तेव्हापासून चांगूदादा एकटे. राहायचे जुन्या घरात, चुलीपाशी. नव्या खोलीत त्यांनी कधी पाठ टेकली नाही. ती अक्षयची. तिला कुलूप, आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून निळी ताडपत्री गच्च बांधायची, पलंगावरच्या गादीला प्लॅस्टिक गुंडाळायचं, गोधड्या लोखंडी कपाटात ठेवून कपाट भिंतीला सरकवायचं, आणि दार लावून घ्यायचं. आपल्याकडे वाडीवाडीत हे असंच आहे. मुंबईकरांची खोली राखून ठेवलेली असते. म्हाताऱ्यांनी तिच्यात राहणं म्हणजे ती वापरून जुनी करणं, असं म्हाताऱ्यांनाच वाटतं.

गणपतीच्या आठवडाभर आधी ते खोली उघडत. आत ओल आलेली असे, भिंतीवर काळे ठिपके धरलेले असत. फडक्याने ठिपके पुसायचे आणि त्यावर रंगाचा हात द्यायचा. गणपती बसायचा तर घराला रंग नको? मग सगळं कसं नवंकोरं दिसे. रंगाचा वास असे, त्यामुळे दुसरा कसला वास कुणाला येत नसे.

सेजल पहिल्या वर्षी आली ती अंगावर पिणारी होती. तिला सर्दी झाली. बाळांना होतेच. दुसऱ्या वर्षी नाक गळणं, खोकला, रात्रभर किरकिर. पाणी बदललं, असं सगळे म्हणाले. चांगूदादांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. सोनालीचं म्हणणं वेगळं होतं. "बाबा, तुमच्या चुलीचा धूर पोरीच्या छातीत जातो," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं. धूर लहान मुलांना वाईटच. चांगूदादांनी एका शब्दाने वाद न घालता चूल मागच्या पडवीत हलवली आणि घरात गॅस आणला. जुन्या घराची ऊबही चुलीबरोबर गेली. संध्याकाळी पोलादपूरहून परतताना मी वर गेलो, तर ते त्या थंड कोपऱ्यात, जिथे आधी चूल होती तिथेच बसलेले असायचे.

तिसऱ्या वर्षी पोरीला जास्त झालं. गणपती आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अक्षयने चढण उतरून, रेंजमध्ये येऊन मला फोन केला, "काका, तुमची गाडी आहे का? सेजलला श्वास घ्यायला त्रास होतोय." मी वर गेलो तेव्हा सोनालीच्या खांद्यावर पोर होती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. कशेडी घाटात दरड आलेली, महामार्गावर समोरच्या बाजूला ट्रकांची रांग लागलेली. आमची महाडकडची बाजू मोकळी होती म्हणून बरं. चांगूदादा पुढच्या सीटवर बसले होते. सबंध रस्ता ते मागे वळून बघत राहिले.

महाडला डॉक्टर मैथिली लहान मुलांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी आधी वाफेच्या यंत्रातून औषध दिलं. पोर शांत झाली, रंग परत आला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"मुंबईत असं होतं?"

"नाही," सोनाली म्हणाली. "कधीतरी साधी सर्दी. इथं आलो की होतं, आणि परत गेलो की चार-आठ दिवसांत आपोआप बरं. तरी आता चूलही घरात नाही."

"झोपते कुठे ती?"

याचं उत्तर चांगूदादांनी दिलं, तेही जरा अभिमानानेच. "नव्या खोलीत, डाक्टरीनबाय. लादी हाय, सलाप हाय. वर्सभर कुलूप असतं. कोन पाय ठेवत नाय आत. तिच्या आजीनं शिवलेल्या गोधड्या हायेत, त्याच अंगावर घेते."

डॉक्टर क्षणभर लिहायच्या थांबल्या. "आजोबा, वर्षभर बंद? पावसाळ्यातही?"

"पावसाळ्यात तर खिडकीला ताडपत्री मारतो. थेंब येत नाय."

"थेंब येत नाही तसा वाराही जात नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "भिंतीला काळं धरतं का?"

"धरतं थोडं. मी रंग देतो ना त्याच्यावर."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ते काळं म्हणजे बुरशी. ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की ती वाढते. तिची डोळ्याला न दिसणारी धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. मोठ्या माणसाला एखादी शिंक येऊन भागतं, पण लहान मुलांच्या श्वासनळ्या बारीक असतात. काहींच्या त्या सुजतात, आवळतात. मग हा खोकला, ही शिट्टी. वरून रंग दिल्याने बुरशी मरत नाही, रंगाखाली ओल तशीच राहते. वारंवार असं होत राहिलं तर पोरीला दम्याचा त्रास लागू शकतो. "पुन्हा त्या खोलीत तिला झोपवू नका," त्या म्हणाल्या.

चांगूदादांनी विचारलं, "मंजे माज्या खोलीनंच झालं काय हे?"

डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं. "बहुतेक तसंच दिसतंय."

घरी परतल्यावर अक्षयने आणि मी ते लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं. मागची भिंत छातीपर्यंत काळी, त्यावर मखमलीसारखी लव. ऑइलपेंटचे फुगे आलेले, बोट लावलं की आत पाणी. गादी उलटली तर खालून कुबट वास आला. गोधड्यांनाही तोच वास होता. आम्हालाच तो आजवर आला नव्हता.

अक्षय बापावर ओरडला. "बाबा, वर्षभर एक खिडकी उघडायची नाय काय? एक दिवस तरी दार उघडं टाकायचं!"

"पाऊस आत आला असता तर? तुझी गादी भिजली असती तर?"

"गादी गेली खड्ड्यात!"

"तुमच्यासाटनं ठेवली रे. मी काय माज्यासाटनं बंद केली?"

सोनाली दारात उभी होती. ती फक्त म्हणाली, "अक्षय, पुरे." त्याच दुपारी ती पोरीला घेऊन नाते गावी माहेरी गेली. अक्षयने गौरीबरोबर गणपतीचं विसर्जन केलं आणि तोही गेला. जाताना तो बापाला नमस्कार करायला वाकला. चांगूदादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढे पंधरवडाभर ते सोसायटीत फिरकले नाहीत. फोन लावायचा कुणाला, आणि लावून सांगायचं काय, असं त्यांना वाटत असावं. मीच एकदा वर गेलो.

ते अंगणात गोधड्या पसरून बसले होते. ओढ्यावर धुऊन, ऊन दाखवून झालं होतं, तरी वास जात नव्हता. "भाऊसाहेब, डाक्टरीनबायंना परत इचारा," ते म्हणाले. मी तिथून खाली उतरून फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, जाड गोधडी आतून पुरती वाळत नाही. शिवण उसवून एकेक थर वेगळा करून गरम पाण्यात धुता आला तर बघा, नाहीतर मुलीच्या जवळ ती नको.

मी परत वर जाऊन निरोप सांगितला. त्यांनी ब्लेड आणलं आणि उसवायला बसले. मैनावहिनींचा टाका बारीक होता, सरळ ओळीत, दमून कुठे मोठा न झालेला. ब्लेड आत जात नव्हतं. वरचा थर सुटला, आत हिरव्या लुगड्याचा थर निघाला, तो त्यांनी ओळखला. "हे ती आळंदीला नेसली होती." बोटांनी धरला तर ते लुगडं कागदासारखं फाटलं. त्याच्या आत काळं होतं. दुसरी उसवली, तिचंही तेच. तिसऱ्या गोधडीला त्यांनी ब्लेड लावलंच नाही. सगळ्या उचलून ते खालच्या बांधावर गेले आणि त्या पेटवून आले. मी थांबलो होतो. ते आले, हातपाय धुतले, आणि म्हणाले, "च्या घेता ना?"

दिवाळीनंतर त्यांनी गवंडी आणून, जिथून ओल झिरपत होती ती स्लॅबची चीर बुजवली. भिंतीवरचा ऑइलपेंट पार खरवडून काढला, भिंती उन्हाळाभर उघड्या वाळू दिल्या आणि मग चुना मारला. गादी टाकून दिली. ताडपत्रीऐवजी खिडकीवर पत्र्याची झडप बसवली, पाऊस बाहेर राहील आणि वारा आत येईल अशी. एवढं होऊनही खोलीत कुणी वावरलं नाही तर ती परत तशीच होणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःचं अंथरूण तिकडे नेलं.

ते त्यांना सोपं गेलं नाही. "झोप येत नाय तिकडं," ते मला म्हणाले. "जुन्या घरात वाटतं, ही पलीकडं भांडी आवरते. या खोलीत ती कवा झोपलीच नाय. तिथं मी नुसता एकटा."

"मग जुन्या घरात झोपा, दिवसा येऊन दार उघडा," मी म्हणालो.

"नाय. दार उघडून मानूस निघून गेला तर काय उपेग? एक पाऊस आला की मी परत बंद करनार. मला मी ठावा हाय. आत झोपलो की मलाच गुदमरतं, मग उघडतो."

मागच्या गणपतीत मुंबईची मंडळी आली ती नाते गावीच उतरली. दिवसा वर यायची, संध्याकाळच्या आत खाली जायची. सेजल अंगणात पळत होती, खोलीत जायला लागली की सोनाली तिला हाक मारून बाहेर बोलवी. एकदा सोनाली स्वतः आत गेली. भिंतीला हात लावला, पलंगाखाली वाकून बघितलं, खिडकीपाशी उभी राहून वास घेतला. पलंगावर चांगूदादांचं कांबळं घडी करून ठेवलेलं होतं.

"बाबा, इथं कोण झोपतं?"

"मी."

"आमची म्हणून ठेवलेली ना ही?"

"तुमच्यासाटनंच तर झोपतो," चांगूदादा म्हणाले.

तिने कांबळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "या वेळी नको, बाबा. मला धीर होत नाही. मे महिन्यात कोरडं असतं, तेव्हा एक रात्र बघू." त्यांनी मान हलवली. संध्याकाळी पोर "आबा, टाटा" करत गेली आणि ते वाडीच्या वळणापर्यंत पोचवून परत आले.

या मे महिन्यात ती एक रात्र झाली. सोनाली सबंध रात्र पोरीच्या उशाशी बसून होती, असं अक्षयने मला सांगितलं. सेजल खोकली नाही. मग आणखी एक रात्र झाली, आणि मंडळी आठवडाभर राहिली. डॉक्टरांनी श्वासासाठी दिलेला पंप पिशवीतच राहिला. पावसाळ्यात काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, सोनालीनेही वचन दिलेलं नाही. गणपतीला येऊ, बघू, एवढंच ती म्हणाली.

मंडळी गेली त्या दुपारी चांगूदादा सोसायटीत आले. आज फोन लावायचा नव्हता, गाडी अजून माणगावच्याही पुढे गेली नसेल. खांबाला टेकून बसले.

"काय चांगूदादा, करमत नाही ना?" मी विचारलं.

"तसं नाय," ते म्हणाले. "आठ दिस मी परत माज्या जुन्या घरात होतो. चूल नाय, तरी झ्याक झोप लागली. सकाळी पोर येऊन नाक दाबून उठवायची." मग ते उठले. "चला. अंथरून परत तिकडं न्यायचंय."