चादरीचं दुसरं टोक

माझ्या भाच्याला घाण सहन होत नाही. लहानपणापासूनचं आहे हे. ताटात केस दिसला की ताट बाजूला, शेजारी कुणी शिंकलं की हा खोलीबाहेर. आणि हे नाजूक नाक ज्या घरात वाढलं, ते घर उभं राहिलं लोकांच्या घाणीवर. माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. हॉटेलांच्या चादरी, खानावळींचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांचे रक्ताचे नि पुवाचे डाग पडलेले अभ्रे. मेव्हणे लवकर गेले. तेव्हापासून ताईनं हे सगळं उपसलं. मशीन आली ती फार नंतर, आधी सगळं हातानं. डाग बघून सांगायची, हा चहाचा, हा मलमाचा, हा विचारू नकोस कशाचा, आणि खो खो हसायची. तिला कधी शिसारी आली नाही. "घाण कुणाची का असेना, पाण्याला सगळी सारखीच," म्हणायची.

त्या पाण्यावर भाचा शिकला, त्याचं लग्न झालं आणि तो दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा.

गेल्या वर्षी ताईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्या तयार होतात. त्या दोन्ही बाजूंनी ओढून आतलं सामान निम्मं निम्मं वाटतात. हे औषध म्हणजे एक चिमुकला रेणू. तो पेशीत शिरतो आणि त्या दोऱ्या ताठ करून टाकतो. वाटणी अडली की पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभागत असतात, म्हणून त्याच जास्त सापडतात."

"आणि केस?" ताईनं विचारलं.

"केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, तिथल्या पेशीही भराभर वाढतात. त्यांनाही फटका बसतो. औषध संपलं की केस परत येतील."

ताई जरा विचार करून म्हणाली, "चादरीची घडी घालताना दोघींचे हात मध्येच आखडावेत, तसं."

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

निघताना सिस्टरनं हातमोज्यांचं पाकीट दिलं आणि सांगितलं, "औषध दोन दिवस अंगातून बाहेर पडत असतं. तेवढे दोन दिवस यांचे कपडे, चादरी हातमोजे घालून वेगळ्या धुवा. संडासात दोनदा पाणी सोडा. बाकी काही नाही. एकत्र जेवा, जवळ बसा, नातीला मांडीवर घेऊ द्या." भाचा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. मी डोळ्यांनी पाहिलं.

घरी पोचेपर्यंत दोन दिवसांचं कायमचं झालं. ताईची खाट खाली इस्त्रीच्या खोलीत गेली, वाफेच्या आणि जळक्या सुताच्या वासात. ताट वेगळं, पेला वेगळा. ताईची सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ताट ठेवायची आणि मागे न बघता वर जायची. चार वर्षांची नात कठड्यातून खाली बघत बसायची. तिला जिना उतरायची बंदी.

मी भांडले. "सिस्टर काय म्हणाली ते कानात शिरलं नाही का तुझ्या?"

"मावशी, लहान मूल आहे घरात," भाचा म्हणाला. "काळजी घेतलेली बरी."

काळजी हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला की मला मळमळतं, आणि मला तर कुणी ते औषधही दिलेलं नाही.

ताईच्या तोंडभर फोड आले, पाण्याचा घोट उतरेना, डोक्यावर एक केस राहिला नाही. तरी तक्रार नाही. तिसरी सलाईन झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी बसले होते, तेव्हा म्हणाली, "मी औषध सोडतेय."

"सोडतेय म्हणजे? अर्ध्यात सोडलं तर उरलेल्या पेशी पुन्हा डोकं वर काढतील, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय ना?"

"औषध नसलं की अंगातून काही बाहेर पडणार नाही. मग पोरीला माझ्याजवळ येऊ देतील."

"मरशील तू, ताई."

"निदान वरच्या मजल्यावर मरेन."

माझ्याकडे राहायला चल म्हटलं तर म्हणाली, स्वतःचं घर असताना?

तेवढ्यात सून धुतलेल्या कपड्यांचा ढीग इस्त्रीच्या टेबलावर टाकून गेली. ताईला पडून राहवेना. सवयीनं उठून ती वेगळं करायला लागली. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला कोपऱ्यात खूण असते. एका चादरीला खूण नव्हती. ताईनं ती उलटसुलट करून पाहिली. तिचीच होती, सकाळी खाटेवरून काढून नेलेली. आणि त्याच ढिगात, त्याच मशीनमधून निघालेली, कुणाच्या तरी तान्ह्या बाळाची दुपटी होती.

ताईनं दोघांना खाली बोलावलं.

"ही गिऱ्हाइकांच्या कपड्यांत कुणी घातली?"

"मग काय हातानं वेगळी धुवायची?" सून म्हणाली. "मला किळस येते."

"इतक्या पाण्यात काय उरतंय, आई," भाचा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

नाकानं कांदे सोलणारी ही जोडी. स्वतःच्या मुलीला आजीची मांडी चालत नाही, आणि परक्याच्या बाळाला आजीचं औषध चालतं. मला त्या दोघांच्या तोंडाकडे बघवेना.

ताईनं ब्लीचसाठीचे जाड रबरी हातमोजे चढवले आणि सगळा ढीग पुन्हा धुवायला घेतला, चादर वेगळी, दुपटी वेगळी. दोन पायांवर धड उभं राहवत नव्हतं तिला. मी कमरेला धरून ठेवलं. सगळं दोनदा धुतलं, वाळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चादर पांढरीशुभ्र, कडक झाली होती. भाचा दुकान बंद करत होता. ताईनं त्याच्यापुढे चादरीचं एक टोक धरलं.

"धर. घडी घालू."

त्याच्या लहानपणी रोज घड्या घातल्या होत्या दोघांनी. तो चादरीकडे बघत राहिला. मग भिंतीवरच्या खिळ्यापाशी गेला. सिस्टरनं दिलेलं पाकीट तिथं टांगलेलं होतं, पहिल्या दिवसापासून न उघडलेलं. त्यानं ते फाडलं आणि हातमोजे घालायला लागला.

ताईनं टोक खाली सोडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जा वर."

तो गेला. मी टोक उचललं. आम्ही घडी घातली, ओढून, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग ताई म्हणाली, "औषध सोडलं तरी याचे हातमोजे निघायचे नाहीत. पुढच्या सलाईनला तू चल माझ्याबरोबर. सगळी घेणार आहे मी."

"आणि पोरगी?"

ताईनं जिन्याकडे पाहिलं. वर कठड्यात दोन लहान हात दिसत होते.

"जिना उतरायला कुणाला विचारावं लागणार नाही, इतकी मोठी होऊ दे तिला," ताई म्हणाली, "तोवर जगायचंय मला."