घमेल्यातला मुरूम

ओल्या मुरमाला एक तांबूस, किंचित लोखंडी वास असतो. कुठे बांधकामावर पाणी मारत असले आणि तो वास नाकाशी आला, की मला भिलाईतल्या सेक्टर दहामधली आमची बाल्कनी दिसू लागते. वरच्या मजल्यावरची, अरुंद. कठड्यापलीकडे पोलाद कारखान्याची अर्धवट उभी राहिलेली धुराडी, आणि कोपऱ्यात मजुरांनी टाकून दिलेलं, काठाला सिमेंट चिकटलेलं एक घमेलं. त्या घमेल्यापायी मी एकदा सगळ्या घराशी भांडले. कशासाठी म्हणाल, तर एका कुत्र्याच्या पिलाच्या शू-शीसाठी. हसायचं असेल तर खुशाल हसा.

पिलू ओंजळीत मावेल एवढं होतं. खालच्या क्वार्टरमधली, कारखाना उभारायला आलेल्या इंजिनिअरची रशियन बायको मायदेशी परतताना ते माझ्या हातात देऊन गेली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण डोळे पुसायला भाषा कुठे लागते? मीशा हे नावही तिचंच. पांढरेशुभ्र लांब केस, इवलेसे पाय. वाढून वाढून मांजराएवढीच होणारी ती जात. जिन्याची पायरी त्याच्याहून उंच, म्हणून खाली अंगणात नेण्याची सोय नव्हती. हे पिलू घर घाण करणार, असं शेजारपाजारच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आणि माझा स्वभाव असा, की होणार नाही म्हटलं की मला ते करायचंच असतं.

अहो, त्या दिवसांत सगळं गावच काही ना काही शिकत होतं. धानाच्या बांधीत, शेताच्या चिखलात वाढलेली माणसं भट्टीपुढे उभी राहायला शिकत होती, भोंग्याच्या हाकेवर उठायला आणि जेवायला शिकत होती. मग एका पिलाला एक कोपरा का शिकता येऊ नये? मी घमेल्यात मुरूम भरला. मीशा झोपेतून उठला की घमेल्यात, दूध प्याला की घमेल्यात, नाकाने फरशी हुंगत गोल फिरू लागला की उचलून घमेल्यात. चुकला तर पुसून घ्यायचं, साधलं तर पाठ थोपटायची. हळूहळू त्याला उमगलं. सिमेंटच्या फरशीवर काही करायचं नाही. जिथे मातीचा वास, ती आपली जागा. एके सकाळी तो आपणहून घमेल्यात चढून बसला, तेव्हा भट्टीतून पहिलं लोखंड निघाल्याचा आनंद तो काय असेल, हे मला कळलं.

त्यानंतर सासूबाई आल्या. भंडाऱ्याकडची शेती माझ्या दिरांच्या हाती सोपवून त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी सिमेंटच्या फरशीवर हात फिरवला आणि तो पदराला पुसला. दुसऱ्या दिवशी कुठून तरी शेण मिळवलं, त्यात माती कालवली, देवांपुढचा चौकोन आपल्या हातांनी सारवला, वर रांगोळी काढली. साऱ्या घरात शेणामातीचा तो जुना, ओला गंध पसरला. मीशा उठला. हुंगत हुंगत आला. आणि अतिशय आज्ञाधारकपणे, रांगोळीच्या बरोबर मधोमध बसला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. सासूबाईंनी अन्न सोडलं. “एक तं हा रशियाचा उंदीर या घरात राहीन, नाही तं मी राहीन,” त्या म्हणाल्या. हे ड्यूटीवरून आले, त्यांनी दोघींची तोंडं पाहिली आणि सोपी वाट धरली. “कावून जिद्द करून राहिली तू? देऊन टाक ना कोणाले.”

मीशा माझ्या पदराखाली थरथरत होता. मी तोवर सासूबाईंपुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. पण मागे सरले नाही. “त्याचं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. “मी त्याले मातीवरच बसाले शिकवलं. या घरात माती घमेल्यात होती, आता देवापाशी आली. त्याले काय समजते? मी नाही देत त्याले. द्याचंच असन तं मलेही त्याच्यासोबत धाडा.”

सासूबाई उठून बाल्कनीत गेल्या, घमेल्यापाशी वाकून त्यांनी चिमूटभर मुरूम बोटांत चोळला.

“मातीच पाह्यजे म्हणते काय हा?”

“हो. मातीच.”

“मले तरी कुठं गमते या सिमटावर,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन ताट वाढून घेतलं.

भूमीपासून उचलून वरच्या मजल्यावर आणून ठेवलेला प्रत्येक जीव पायाखाली तीच एक ओळख शोधत असेल, तर त्यात पवित्र कोणतं आणि अपवित्र कोणतं, हे ठरवणारे आपण कोण? मी सासूबाईंना आणि मीशाला एका तागडीत घातलं म्हणून कोणी रागावेल. रागावू देत. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी देव स्वयंपाकाच्या ओट्यावर, आखूड पायांच्या आवाक्याबाहेर नेले आणि तिथला हातभर तुकडा सारवायला घेतला. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक घमेलं आणून त्यात तुळस लावली. शेजारणी बघायला आल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाईंनी तुळशीला पाणी घातलं, उरलेलं पाणी मीशाच्या मुरमावर शिंपडलं, आणि मागे न वळता म्हणाल्या, “हसा बापा. एक माह्यं हाय, एक त्याचं.”

आता त्या नाहीत, मीशाही नाही. ओल्या मुरमाचा वास आला की मी मात्र अजून भर रस्त्यात थांबते. येणारेजाणारे वळून बघतात. बघू देत.